चुलीपुढची थंडी

—न्हाय, न्हाय, तो पावडरीचा डबा आधी परत पिशवीत घाला, मग बोला. शुभदाबाई न्हवं तुमी? आवो शुभदाबाई, सोलापुरातला एप्रिल हाय ह्यो, माणसं गच्चीवर पाणी मारून झोपत्यात, आन् माझी सून उत्कर्षा फोन करून तुमच्याकडनं थंडीवरची पावडर मागवती! हातपाय गार पडत्यात म्हणं. कुटं? तर चुलीपुढं! सकाळी सहापासनं कडक भाकरी थापती — भवानी पेठेत कुणालाबी इचारा, मीनाबाईची, म्हंजे माझ्या नावाची भाकरी म्हणून — आन् आंगात स्वेटर. गिऱ्हाईक बघून हसतंय. लाज मला वाटती.

काय हाय त्यात? सुंठ, अळीव, खारीक? समदं निसर्गातलं? मग आमी काय प्लास्टिक खातो व्हय? शेंगाचटणीबी हितंच बनती, सूनच कुटती की. खात न्हाय, कुटती — आवो, आर्डरची चटणी घरात कोण खातं? तोंड वाकडं करू नका. उपाशी न्हाय ठेवत मी कुणाला. घराची रीतच हाय — आख्खी भाकरी इकायच्या पाकिटात, तुटलेली घरच्या बाईची. मी नवी आले तवा माझ्याबी सासूनं हेच सांगितलं. रोज सात-आठ तुटायच्या माझ्या, हात नवा हुता की! पोट भरायचं. मुद्दाम? न्हाय... एखादी मुद्दामबी मोडली आसंल, तुमाला काय करायचंय?

हीबी पयल्या वर्षी लई मोडायची. शिव्या खायची माझ्या. तवा गाल कसे भरलेले हुते! आन् आता? काय हात बसलाय तिचा, सांगू! काल सव्वाशे थापल्या, एक न्हाय तुटली. परवाबी न्हाय. आख्ख्या पेठेत आसा हात न्हाय, मीच सांगत फिरते समद्यांना—

काय म्हणलात?

मग ती काय खाती म्हंजे? खाती की. हेच आपलं... तुटत्यात त्या...

आता आसं काय बघताय माझ्याकडं? मला कुणी इचारलं हुतं का, तू काय खाल्लंस म्हणून? पंचवीस वर्षांत एकानं तरी? न्हाय ना? मग—

उत्कर्षा! काय वाजलं गं ते? आगं, आख्खी हुती ती! आर्डरची! — बघा, बघा, दुसरीबी मोडली. भायेरच्या बाईसमोर! आन् खायाच लागली की, कोरडीच... आगं...

खाऊ दे तिला. तुमी निघा.