सहावा बोल्ट

पहिले हे लिहून घ्या की मला सकाळी नऊपासून अकरापर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवले. डोळ्याच्या ऑपरेशनला आज तिसरा दिवस आहे, डॉक्टरने धुळीत जाऊ नको म्हणून बजावले आहे, आणि तुमच्या त्या बाकड्याखाली आठवडाभरात झाडू फिरलेला नाही. हवालदार म्हणाले, "आजी, हे जबाबात येत नाही." मी म्हटले, मग पुढचेही येणार नाही. तेव्हा लिहिले.

नाव वरच्या रकान्यात आहे. गल्लीत मला गॅरेजवाली आजी म्हणतात. वय कागदावर एकाहत्तर. शिक्षण तिसरी. धंद्याच्या रकान्यात हवालदारांनी मला न विचारता 'घरकाम' लिहिले होते, ते खोडायला लावले आहे. बेचाळीस वर्षे नवऱ्याबरोबर गॅरेजात काम केले. तो जाऊन सहा वर्षे झाली, गॅरेज चालू आहे. राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत.

समक्ष हजर राहून सांगते की, काल संध्याकाळी तुम्ही आमच्या मिस्त्रीला घरातून उचलून आणले, तो चोर नाही. नवऱ्याच्या गाडीचे इंजिन माझ्या मुलाने काढून नेले आहे. तक्रार देणाराही तोच. तक्रारीत 'अज्ञात इसम आणि संशयित मिस्त्री' असे आहे म्हणे. अज्ञात कसला? मी त्याला नऊ महिने पोटात वागवला आहे.

मिस्त्री आमच्याकडे एकतीस वर्षे आहे. मला वहिनी म्हणतो. नवऱ्याने आजारपणात, मुलगा उशाशी बसलेला असताना, सांगितले होते की मिस्त्रीचे हात थकले की ही करडी गाडी त्याला द्यायची, चालू हालतीत. मुलगा तेव्हा मान हलवून हो म्हणाला. आता मिस्त्रीला स्पॅनर धरवत नाही. म्हणून गेल्या सोमवारी मुलगा जेवायला आला तेव्हा मी त्याला सांगितले की महिनाअखेर गाडीचे कागद मिस्त्रीच्या नावावर करते. तो म्हणाला, "बाबांची गाडी नोकराला?" मी म्हटले, बाबांचीच आहे, म्हणून बाबांचेच ऐकायचे. तो अर्धे ताट टाकून उठला. मी ताट झाकून ठेवले.

मंगळवारी दुपारी मी डोळ्याच्या दवाखान्यात भरती झाले. सोबत नात होती, मुलाची मुलगी. ती कॉलेजात आहे. मी नाही म्हणून मिस्त्रीला तीन दिवस सुट्टी दिली होती. गॅरेजच्या फाटकाची चावी मिस्त्रीकडे असते आणि मुलाकडेही असते. घराच्या चाव्या मात्र दोनच. एक माझ्या कमरेला, ती दवाखान्यातही कमरेलाच होती. दुसरी मुलाकडे.

गुरुवारी म्हणजे काल दुपारी साडेबाराला नातीने मला घरी आणले. चपला काढताना मी रोज दारालगत उभ्या असलेल्या त्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर हात टेकते. काल हात चार बोटे वर टेकला. गाडीचे नाक वर आले होते. पुढचे वजन गेले की स्प्रिंगा मोकळ्या होतात, हे कळायला डोळे लागत नाहीत. मी नातीला बॉनेट उघडायला लावले. आत इंजिन नव्हते. बाकी सगळे जागच्या जागी. चाके, बॅटरी, आणि मागे गिअरबॉक्स, तोंड उघडे टाकून बसलेला.

नात म्हणाली, "आजी, बाबांना फोन करू?" मी कर म्हटले. मुलगा पंधरा मिनिटांत आला. एरवी त्याला दोन तास लागतात. आला तो हातात रुमाल घेऊन, आणि गाडीत न बघताच म्हणाला, "मी सांगत होतो ना, त्या मिस्त्रीवर इतका भरवसा ठेवू नकोस." चार वाजता तो तुमच्याकडे आला. पाच वाजता तुम्ही मिस्त्रीकडे गेलात. हे मला शेजाऱ्यांकडून कळले.

आता इंजिन कसे निघते ते लिहा, कारण सगळे त्यातच आहे. आमच्याकडे गिअरबॉक्स गाडीतच ठेवून नुसते इंजिन काढायची पद्धत आहे. त्यात गिअरबॉक्सला खालून घोडी लावून आधार द्यावा लागतो, नाहीतर तो मान टाकतो. मग दोघांना जोडणारे सहा बोल्ट सोडायचे, इंजिन सरळ पुढे ओढायचे आणि चेनकप्पीने उचलायचे. पाच बोल्ट कोणालाही सापडतात. सहावा वर मागे, पत्र्याच्या फटीत असतो. तो दिसत नाही. नवऱ्याचा पंजा तिथे जात नसे, मिस्त्रीचाही जात नाही. माझे मनगट बारीक. त्यामुळे लग्नानंतर पहिल्या वर्षापासून तो बोल्ट मीच सोडते. हातातले काम टाकून जायचे, बांगड्या काढायच्या, हात घालायचा. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "पाच माझे, सहावा हिचा." तो गेल्यावरही दोनदा इंजिन काढले. दोन्ही वेळा मिस्त्रीने पाच सोडले, हात पुसले आणि दारात येऊन हाक मारली, "वहिनी, तुमचा राहिलाय."

मुलगा शाळेच्या दोन सुट्ट्या बापाच्या हाताखाली होता. गाडीखाली आडवे व्हायला त्याला जमले नाही, कपडे मळतात. पण वरून बघून बघून त्याला बाकी काम येते. सहाव्या बोल्टाचे मात्र त्याला खरे वाटले नाही. बाप बायकोचे कौतुक करतो, इतकेच तो समजला. म्हणून त्याने पाच सोडले आणि कप्पी ओढली. गिअरबॉक्सच्या तोंडाचा वरचा कान, ज्यातून सहावा बोल्ट जातो, तो मोडला आहे. मोड ताजी आहे, पांढरी. मी बोट फिरवून पाहिले. मिस्त्री असता तर कान मोडला नसता. मिस्त्री असता तर माझी वाट बघत बसला असता.

दुसरे. गिअरबॉक्सखाली घोडी नव्हती. आमच्या घोड्या मिस्त्रीच्या पेटीत असतात आणि पेटीची चावी तो घरी नेतो. गिअरबॉक्सखाली माझे बुटके स्टूल सरकवले होते, मी भाजी निवडायला बसते ते. वजनाने त्याचा एक पाय तडकला आहे. ते स्वयंपाकघरात असते. घराचे कुलूप शाबूत होते. आत जाऊन पाहिले तर सोमवारचे ताट ओट्यावर तसेच होते, झाकलेले. स्टूल नेले, ताट धुवायचे सुचले नाही. मी ते अन्न टाकले.

आज सकाळी सात वाजता मी मुलाला घरी बोलावून, एक स्टुलाचे सोडून, हे सगळे तोंडावर सांगितले. तो म्हणाला, "आई, तुझ्या डोळ्याला पट्टी आहे, तुला काय दिसतंय?"

"एका डोळ्याला आहे. दुसऱ्याने तुला चालायला लागल्यापासून बघतेय."

"म्हणजे पोटच्या पोरापेक्षा तुला तो जवळचा?"

"इंजिन कुठाय?"

यावर तो स्टूल नीट करून आणून देतो म्हणाला. स्टुलाचे मी विचारलेच नव्हते.

हवालदारांनी मला विचारले, "आजी, स्वतःच्या मुलाविरुद्ध सांगताय, विचार केलाय का?" विचार करायला तुमच्या बाकड्यावर दोन तास मिळाले.

इंजिन कुठे आहे ते मला माहीत नाही. पण सापडेल तेव्हा त्याच्या पाठीला आमच्या गिअरबॉक्सचा मोडका कान लटकत असेल आणि त्यात सहावा बोल्ट असेल, अजून आवळलेला. तो कान आणून मोडीवर बसवून पाहा. बोल्टाला कोणी पाना लावायचा नाही. तो मी काढीन.

हवालदारांनी हा कागद मला वाचून दाखवला. पहिल्या वेळी त्यांनी बाकड्याचा भाग गाळला, म्हणून दुसऱ्यांदा वाचायला लावला. आता मी बोलले तेच आणि तेवढेच त्यात आहे. सही एका डोळ्याने केली आहे, वाकडी असली तरी माझीच आहे.

मिस्त्रीला आत्ता सोडा, त्याला काही विचारायचे राहिलेले नाही. नात बाहेर बसली आहे, तिला आत बोलवायचे नाही. सुनेलाही नाही. मुलाला बोलवा आणि त्याच बाकड्यावर बसवा. उत्तर त्याने द्यायचे, स्वतःच्या तोंडाने, मिस्त्रीसमोर.