वंशावळीतलं शेवटचं वय

अरे, तुला आमच्या प्रिंटिंगच्या दुकानातलं एक सांगतो. सारसोळ्याचे एक काका दरवर्षी गणपतीच्या आधी पेनड्राइव्ह घेऊन येतात. कॉम्प्युटरवर स्वतः बनवलेली घराण्याची वंशावळ, सहा फूट लांब. गेल्या वर्षी मी वैतागून म्हटलं, "काका, नवीन नाव एकही नाही. जुनाच चार्ट लावा की भिंतीवर!"

"वयं बदलतात ना," काका म्हणाले. "जो मानूस हाय, त्याचं वय सॉफ्टवेअर आपोआप वाढवतं."

प्रिंट निघत होता, तसा मी वाचत गेलो. सगळ्यात खाली त्यांच्या मुलाची चौकट होती. वय तीस. मी चरकलो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या दहाव्याला मी स्वतः गेलो होतो.

हळूच म्हटलं, "काका, ह्याची गेल्याची तारीख टाकायची राहिलीय. घरून टाकून आणा, मी थांबतो."

काकांनी प्रिंटवर हात ठेवला. "नको रे. तारीख टाकली का पोरगा चोवीसलाच थांबंल. वाढतोय तर वाढू दे."

यंदा काकांनी पेनड्राइव्ह दिला, तसा मी लगेच प्रिंटला लावला. प्रिंट निघाल्यावर आधी खालची चौकट बघितली.

एकतीस.