दिव्याभोवतीचे रंग

माहं नाव पंचफुला. बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडलं गाव आमचं, धानाचं गाव, तिथंच जल्मली मी. बा बंडी हाके, लोकाचं धान वारासिवनीच्या मिलले नेऊन टाके, आन् माय बिड्या वळे. काय सांगू तुम्हाला, माह्या मायचे डोळे अशे होते का आंगणात बसल्या बसल्या दूर बांधावरून येणारा माणूस कोणाचा पाहुणा हाय ते सांगे, आन् बा म्हणे का हिले पोस्टात बसवा, चिठ्ठी यायच्या आधी वाचते हे. बिड्या वळताना तं ती पाहेच ना, तेंदूचं पान कापे, जर्दा भरे, धागा गुंडाळे आन् तोंडानं आमच्याशी बोलत राहे. गोष्टी लय सांगे. तिच्या सुपाजवळ बसलो का जर्द्यानं शिंका येत, तरी आम्ही पोट्टे उठत नोहतो.

छप्पन साली दीक्षेले नागपूरले गेलतो आम्ही. मी सात-आठ वर्षांची असन. आधी बंडी, मंग गोंदियाहून गाडी, आन् मंग पायी. मले बाकी काई आठवत नाई, पांढरी लुगडीच लुगडी आठवतात, आन् मायचा हात घट्ट. घरी आल्यावर बानं देव्हारा उचलला आन् नदीत सोडून आला. बावीसच्या बावीस प्रतिज्ञा त्याले पाठ. कोणी अंगात आलं म्हणे, कोणाले सपनात काई दिसलं म्हणे, तं बा म्हणे का हे सारं सोडून आलो ना आपण, आता डोकं वापराचं. चांगला माणूस होता माहा बाप, कधी हात उचलला नाई मायवर. पण एक बार बोलला तो, आन् ते त्याले जल्मभर पुरलं. तेच सांगते.

मी बारा-तेरा वर्षांची झालती. थंडीचे दिवस, दिवेलागणीची वेळ. माय चिमणी लावून आली, कोनाड्यात ठेवली, आन् तिथंच उभी राह्यली. मले म्हणे, पंचफुला, दिव्याले रंग आले पाह्य. मी पाह्यलं, मले तं चिमणीच दिसे. ती म्हणे, नाई गं, गोल गोल हाय, आंत निळं, मंग पिवळं, भाएर लाल, आपल्या पंचशीलाच्या झेंड्यावानी. आन् हसून राह्यली. इतकी गोड हसली का मले वाटलं मलेच काहून दिसत नाई. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या सगुणाबाईले सांगितलं, आन् सगुणाबाईच्या पोटात गोष्ट राहे कुठं, संध्याकाळी चार बाया आमच्या दारात. एक म्हणे, पुण्याईच तुही, घरातच झेंडा दिसते. एकीनं तं मायच्या पायाले हात लावला. आन् तेवढ्यात बा आला.

बानं साऱ्या बायांसमोर म्हटलं का झाला का तुहा तमाशा, देव नदीत सोडले आन् आता तू देवी होऊन बसतं का, लोक हासतील आपल्याले. बस, एवढंच. बाया उठून गेल्या. माय चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राह्यली. त्या दिवसापासून तिनं रंगाचं नाव काढलं नाई. बाले वाटलं, गेलं डोक्यातून. मले बी तसंच वाटलं.

पण गेलं नोहतं हो. रंग येतच होते तिले. संध्याकाळ झाली का कपाळाची एक बाजू धरून बसे, म्हणे अर्धशिशी हाय. कधी उलटी व्हाये, तं आम्ही म्हणावं पित्त झालं, आन् लिंबू पिळून पाणी द्यावं. सुंठ उगाळून लावली, डोक्याले फडकं बांधलं. आन् झोपून उठली का सकाळी सारं साफ, पुन्हा बिड्या, पुन्हा गोष्टी. त्यानंच तं फसवलं आम्हाले. सकाळी बरं होते ना, मंग दवाखाना कशाले? कोणी डोळ्याचा इचारच केला नाई. डोकं दुखते तं डोक्याचं दुखणं, पोट ढवळते तं पोटाचं.

मंग ज्या दिवशी झालं ना, त्या दिवशी धानाचा रोवणा होता, माय चिखलात रोपं लावाले गेलती. दुपारपासूनच डावा डोळा दुखे म्हणे. घरी आणली तं डोळा लालभडक, हात लावला तं गोटीवानी कडक, आन् ती भिंतीले डोकं घासून राह्यली. रोवणा सोडून जाणार कोण, आन् पाण्यानं नाला भरलेला. दोन दिवस घरीच राह्यली. कोणी सांगितलं शेळीचं दूध टाका, ते टाकलं. तिसऱ्या दिवशी बानं बंडी जुंपली, आन् पुढं मोटारीनं बालाघाटले नेली. मी संगं होती, तिचं डोकं माह्या मांडीवर.

तिथले डॉक्टर म्हातारे होते, हिंदी बोलत. बॅटरी लावून पाह्यलं, मंग मायले नाई, बाले विचारलं, इनको दिये के चारों तरफ रंगीन गोले दिखते थे क्या?

बा हातातली टोपीच पाहत राह्यला. डॉक्टरले वाटलं याले हिंदी समजत नाई, त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हौ, दिखते थे. बाच्या तोंडाकडं पाह्यलं मी तवा. पाह्यलं नसतं तं बरं झालं असतं.

डॉक्टरनं समजावून सांगितलं, काला मोतिया म्हणतात याले, आपल्यात काचबिंदू. डोळ्याच्या आंतलं पाणी तुंबते, डोळा कडक होते, आन् पाह्यची नसच मरते. ते रंग म्हणजे डोळा हाका मारून राह्यला होता, म्हणे, तवाच आणलं असतं तं वाचला असता. आता हा गेला. पण दुसरा बी याच वाटेनं जाईल, नागपूरले न्या, आजच न्या, घरी जाऊन इचार करू नका.

घरी गेलोच नाई. तिथूनच छोट्या लाइनच्या गाडीत बसलो गोंदियाले, आन् पुढं नागपूर. त्या छोट्या गाडीची मले अजून आठवण येते पाहा, खिडकीतून हात काढला का झाडाचा पाला हातात यावा, आन् बा कधी नाई ते मायचा हात धरून बसला होता, साऱ्या डब्यासमोर. माय त्याले म्हणे, लोक पाहून राह्यले. तो म्हणे, पाहू दे.

उजव्या डोळ्याले बारीकसं भोक पाडलं नागपूरच्या डॉक्टरांनी, पुतळीच्या म्हणजे बाहुलीच्या बाजूले, पाणी निंघाले वाट व्हावी म्हणून. तो डोळा वाचला. थेंब दिले होते, ते टाकले का पुतळी मोहरीएवढी व्हाये आन् माय म्हणे, आभाळ आल्यावानी वाटते. बिड्या तशाच वळे. पण बा बदलला. रोज दिवा लागला का तो मायजवळ जाऊन बसे आन् विचारे, काई दिसते का? ती म्हणे, दिवाच दिसते. तवा त्याचा जीव भांड्यात पडे. तो जाईपर्यंत विचारत होता.

मंग माहं लग्न झालं, बैहरले आली मी. जंगलातलं गाव ते तवा, घाटातून मोटार चढे आन् बाया ओकत. माहे मालक लाकडाच्या डेपोत मुन्शी होते, सागाच्या लाकडावर हातोड्यानं खुणा करत. सुखात होती. दोन लेकरं झाली. एक दिवस सांजच्याले कंदील पुसून लावला, वात वर केली, आन् कंदिलाभोवती रंग. निळं, पिवळं, लाल. काय सांगू बाई, सुंदर होतं ते, खोटं नाई बोलत. तिशी बी पुरती झाली नोहती माही. मायनं काहून हसून पाह्यलं ते मले तवा समजलं.

मी मालकाले म्हटलं, सकाळच्या मोटारीनं बालाघाटले जाते. सासू म्हणे, धुराचं असन, डोळे धुऊन टाक, चार दिवसांनी बाजारले जाऊच तं दाखवू. मी सांगितलं, आत्याबाई, माह्या मायचा एक डोळा अशाच चार दिवसांनी खाल्ला. सकाळपर्यंत साफ दिसाले लागलं, रातचं डोकं दुखणं बी उतरलं, तरी गेली. मनात आलंच हो, बरं झालं तं काहून जाऊ, लेकराले ताप बी होता. तरी गेली. मालक संगं आले. डॉक्टर दुसरे होते आता, तरणे. मी पयलेच सांगितलं, रंग दिसले, मायले होतं. त्यांनी लिहिणं थांबवलं आन् मले म्हणे, तुम्ही बरोबर वेळेवर आल्या. नागपूरले जाऊन दोन्ही डोळ्याले ते भोक करून आली मी.

परत आल्यावर मायले भेटाले गेली, तं बा ओसरीत होता. मी सांगितलं सारं. तो म्हणे, तुह्या मालकानं काई म्हटलं नाई ना तुले, रंग दिसले म्हटल्यावर? मी म्हटलं, नाई बा, संगं आले. त्यानं टोपी काढली आन् तोंड पुसलं. मंग आंत पाहून म्हणे, ऐकलं का, पोरीचे डोळे वाचले. माय आतून म्हणे, ऐकलं, बहिरी नोहे मी.

त्या दिवशी आम्ही तिघंबी लय हासलो.

तवापासून मी जिथं बसली तिथं बायाले सांगते. डोळ्यात विजेवानी चमकलं, काळ्या माश्या एकदम उडाले लागल्या, पडदा ओढल्यावानी झालं, का दिव्याले रंग आले आन् डोकं धरलं, तं दुसऱ्या दिवसाची वाट नोको पाहू, बरं वाटलं तरी जाय. आन् घरच्या माणसाले सांगते, हासू नोको. बायको काई सांगते तं आधी ऐक, मंग डोकं वापर. नात हिंदीत म्हणते, दादी, फिर शुरू हो गई. होऊ दे शुरू. तिले बी दरसाली दाखवाले लावते मी.

आता मालक नाईत, माय-बा तं कधीचेच गेले. वय झालं. थेंब चालूच हायेत, तरी कडेचं दिसणं कमी झालं मले, दारात कोणी उभं असलं तं आवाजावरून समजते. त्याचं दुःख नाई, वयाच्या मानानं लय पाह्यलं. तुम्ही एवढ्या दूरून आल्या, माहं ऐकून लिहून घेतलं, तुमचे लेकरं सुखात राहो. पण तुम्ही मघापासून बाजूले बसल्या हाय, मले नुसती तुमची बांगडी ऐकू येते. अशा इकडं या, समोर. हां. आता दिसल्या.