हिरव्या झाकणाचा डबा

सासू : ती वही ठेव बाजूला. काल किती झोपली ते तोंडानं सांग.

सून : नऊ तास, तेही तुकड्यातुकड्यांनी. पाच आठवड्यांचं बाळ आहे, आई, पंधरा तास तरी झोपायला हवं. हातपाय बघा कसे थरथरतात. अकरा वाजता डॉक्टर रक्त काढणार आहेत.

सासू : एवढ्याशा जिवाचं?

सून : टाचेतून. परवा मला विचारत होते, कॉफी किती पिता. म्हटलं, सहा-सात कप, पण कॅफीन काढलेली, हिरव्या झाकणाच्या डब्यातली. म्हणाले, मग दुसरं काहीतरी असेल.

सासू : आणि साधी असती तर?

सून : एक-दोन कपांनी बिघडत नाही. सहा-सात म्हणजे दुधातून उतरते. आपल्या अंगातून काही तासांत जाते, एवढ्या बाळाच्या अंगात दिवसच्या दिवस रेंगाळते. का विचारलंत?

सासू : सहज.

सून : तुम्ही भाजीचा भावसुद्धा सहज विचारत नाही.

सासू : त्या डब्यातली कॉफी दोन आठवड्यांपूर्वी संपली. मी त्यात आपली रोजची भरली.

सून : चुकून?

सासू : नाही गं. मुद्दाम.

(सुनेनं बाळाला आणखी जवळ ओढलं. बाळ जागंच होतं.)

सून : तरीच माझं काळीज धडधडत होतं. मी म्हटलं, काळजीनं. मी हिच्या शिंका मोजून लिहितेय, आणि तुम्ही कप हातात आणून देत होतात.

सासू : पाजता पाजता तुझा डोळा लागला होता, आठवतं? बाळ मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला आलं होतं. मी झेललं. तू जागी झालीस ती माझ्यावर ओरडतच, हिला हात का लावला म्हणून.

सून : घसरली होती? सांगितलं नाहीत.

सासू : सांगितलं असतं तर तू धसक्यानं आणखी झोपली नसतीस. हिला कुणाच्या हातात देत नाहीस, स्वतः पाठ टेकत नाहीस. म्हटलं, निदान जागी तरी राहशील. दुधातून उतरेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

सून : डॉक्टरांना काय सांगू मी आता?

सासू : तू नको. फोन लाव, मी बोलते… डॉक्टर, मी बाळाची आजी. त्या कॉफीचं… साधीच होती ती. मी बदलली. हिला ठाऊक नव्हतं… हो. दोन आठवडे… हो, चुकलंच माझं.

सून : काय म्हणाले?

सासू : कॉफी आजपासून बंद. अकराला आणा, आधी नीट तपासतो, सुईचं मग ठरवू. आणि तू झोपायचंस.

सून : हे ते म्हणाले?

सासू : शेवटचं मी म्हणतेय.

सून : मला तुमचा राग आलाय, आई. तो एवढ्यात जायचा नाही.

सासू : नको जाऊ दे.

सून : निघायला दीड तास आहे अजून.

सासू : मग?

सून : हात धुऊन या, कोपरापर्यंत. आणि घ्या हिला.