बेलापूरपर्यंतचं डिझेल

आजच्या ह्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपले कार्यालयप्रमुख माननीय बिभीषण दहिफळे साहेब, नगरहून वेळ काढून आलेले व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी, उद्यापासून माझ्या टेबलाचा भार उचलणाऱ्या सृष्टी मॅडम, आणि श्रीरामपूरच्या ह्या उकाड्यातही शेवटच्या रांगेपर्यंत बसून राहिलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधूभगिनींनो, आपणा सगळ्यांना योहान भिंगारदिवेचा मनापासून नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की हे भिंगारदिवे नक्की कोण, असा प्रश्न मलाच पडला. खरं काय ते त्यांच्यातले एकटे सुनीलभाऊ बोलले. माझ्या माघारी तुम्ही मला 'पाठकोरे भाऊसाहेब' म्हणता. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एका बाजूनं छापलेला कागद मी कुणाला टाकू दिला नाही, त्याच्या वह्या शिवल्या आणि कच्ची टिपणं त्याच्यावरच लिहायला लावली. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोलीतले पंखे बंद करत कोण फिरायचं? चहाचे कागदी कप बंद करून घरून कप आणायला कुणी लावलं? तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हतात. पण पूर्वी आपला कचऱ्याचा डबा रोज भरायचा, आता आठवड्यातून एकदा भरतो. ह्याचा मला अभिमान आहे, आणि आज निघताना तो लपवायचं काही कारण नाही.

सहा वर्षांपूर्वी ह्या सगळ्याचं परिपत्रक निघालं. 'कार्यालयातील अपव्यय टाळणेबाबत'. मसुदा माझा होता. वरिष्ठांनी त्याची वाखाणणी केली, दुसऱ्या कार्यालयांना प्रती पाठवल्या. त्यातलं नववं कलम निरोप समारंभाविषयी होतं. शाल, नारळ, हार, फ्लेक्स काही नको, आणि निवृत्त होणाऱ्याला घरी पोचवायला कार्यालयाची जीप वापरायची नाही. सृष्टी मॅडमसारख्या नव्या मंडळींना त्याआधीची रीत ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. शेवटच्या दिवशी निवृत्त माणसाला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायचं, मागे आम्ही दाटीवाटीनं बसायचो. त्याच्या गल्लीत शिरताना आपले ड्रायव्हर गोरक्षनाथ हॉर्न वाजवायचे, शेजारीपाजारी बाहेर यायचे, दारात घरची माणसं ओवाळायची. चहा घेऊन आम्ही परत फिरायचो.

मसुदा पुरा झाला त्या संध्याकाळी मी तो मोठ्या हौसेनं माझ्या पत्नीला, मरियाला, वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे माणूस शेवटच्या दिवशी एकटाच घरी येणार?" मी म्हणालो, अगं, डिझेल किती जातं. ती भाजी निवडत राहिली.

कलम नऊ पहिल्यांदा लागू झालं ते छबूबाई लोखंडे ह्यांना. जुन्या लोकांना त्या आठवतच असतील. एकोणतीस वर्षं त्यांनी हे कार्यालय झाडलं. आपण यायच्या आत त्यांचं काम उरकलेलं असायचं, त्यामुळे कित्येकांनी त्यांना कधी नीट पाहिलंही नसेल. निवृत्तीच्या आठवडाभर आधी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हार-नारळाचं त्यांना काही नव्हतं. गाडीचं तेवढं बघा, म्हणाल्या. बेलापूर इथून पाच-सहा किलोमीटर. बाईंच्या घरात दुसरं कुणी नाही. त्यांच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ही कुठं झाडते कुणास ठाऊक, सांगते मात्र हापिसात. म्हणून बाईंनी शेजारच्या बनुबाईंना सांगून ठेवलं होतं, की शेवटच्या दिवशी साहेब लोक मला सोडायला येणार आहेत.

त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, गाडी न्हाई दिली तर न्हाई. पन तुमी चौघं जन तरी या माझ्यासंगं. रिक्षानं जाऊ."

मी काय केलं असेल? त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी कलम नऊ सावकाश, स्पष्ट आवाजात वाचून दाखवलं. रिक्षाचा उल्लेख त्यात नव्हता. तरी आपण गेलो नाही. त्या दिवशी पावणेसहाला मी टेबल आवरलं, कुलपं तपासली आणि घरी गेलो. छबूबाई केव्हा गेल्या, ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

मरियाला जाऊन आता चार वर्षं झाली. मुलगी आराधना बंगळुरूला असते, रविवारी फोन करते. बाकी दिवस घरी गेल्यावर मी कुलूप उघडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इथं येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. तुम्हाला वाटायचं, भाऊसाहेब कामाला फार वाहून घेतलेला माणूस, सुट्टी घेत नाही. तसं काही नव्हतं. इथं कुणीतरी मला हाक मारायचं, म्हणून मी येत होतो. उद्यापासून ती हाक नाही, आणि ह्या विचारानं मला महिनाभर नीट झोप लागलेली नाही. हे बोलायला संकोच वाटतो, पण बोलायची ही शेवटचीच संधी आहे.

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर मी एक शाल घेतली आणि बेलापूरला गेलो. छबूबाईंनी चहा केला. त्या दिवशी घरी कशा गेलात, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं, ते साधं होतं. रिक्षातून त्या गल्लीच्या अलीकडेच उतरल्या आणि एका झाडाखाली बसून राहिल्या. बनुबाई ताट घेऊन दारात उभी असणार, हे त्यांना माहीत होतं. अंधारून आल्यावर त्या घरी गेल्या आणि गाडी वाटेत बंद पडली, असं त्यांनी गल्लीला सांगितलं. सहा वर्षांत त्यांनी माझं नाव कुणापाशी घेतलं नाही. आपल्या कार्यालयाचा कमीपणा होऊ दिला नाही.

शाल त्यांनी हातात घेतली, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्या पिशवीत ठेवली. "शाल नगं, भाऊसाहेब. त्या दिशी मानसं पायजे हुती." मग मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि विचारू लागल्या, "तुमचं बी आलंच की आता. तुमाला सोडायला कोन येनार हाय?"

मंडळी, पाठकोऱ्या कागदाचं माझं मत बदललेलं नाही. सृष्टी मॅडम, तो हट्ट तुम्हीही सोडू नका. पण वाया काय जातं, हे ठरवताना मी एका ठिकाणी फार मोठी चूक केली. आज सकाळी मी साहेबांना अर्ज दिला, आणि कलम नऊमधला गाडीचा भाग साहेबांनी रद्द केला. आदेश आजपासून लागू आहे. म्हणजे आजच्या गाडीचा पहिला हक्क माझा.

तो मी सोडतो आहे. छबूबाई आज आल्या आहेत. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, तरी त्या दारापाशी बसल्या आहेत. माझी विनंती आहे, की ज्यांना जमेल त्या सगळ्यांनी आता त्यांच्याबरोबर बेलापूरला जावं. बनुबाईंना मी निरोप धाडला आहे. माझं घर वीस मिनिटांवर आहे, मी चालत जाईन. तिथं माझी वाट बघणारं कुणी नाही.

अध्यक्ष महोदयांनी आणि तुम्ही सर्वांनी माझं हे लांबलेलं बोलणं गोड मानून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलता बोलता कुणाचं नाव राहिलं असेल, इतक्या वर्षांत कुणाचं मन दुखावलं असेल, तर उदार मनानं सोडून द्यावं. छबूबाई, तुमच्यापुढं मात्र असं घाऊक बोलून भागणार नाही. माझं चुकलं.

गोरक्षनाथ, गाडी दाराशी घ्या. बाईंना पुढं बसवा.