गडूतलं पाणी

सव्वासातला. सोमवारी सकाळी, बरोबर सव्वासातला — मोटारीच्या खोलीतलं घड्याळ बघितलं मी, म्हणून सांगते, भागवतभाऊ. तुमी इचारलं ना कधी आलं हे पांढरं, तर तवा. लेकीला, आरोहीला, झोळीत टाकलं, शेडचा पडदा वर गुंडाळला, आन् बघते तर पानांवर कणीक भुरभुरल्यावानी. भुरी हो. द्राक्षावर येती, वाटाण्यावर येती, तीच. — न्हाई, हात नका लावू. नका लावू म्हणते ना. लावला का? मग आधी धुवा, तिकडं नळापाशी साबण हाय. धुवा, मग बोला. तुमच्या गुलाबाला काय झालं न्हाई, केजला न्यायची रोपं त्या कोपऱ्यात लावून ठिवलीत, टेम्पो भरा सावकाश. पर भरता भरता जरा माझं ऐका. कुणाला तरी सांगायचंय मला, आन् आज ह्या नर्सरीत तुमच्याबिगर कुणी आलंच न्हाई. मालक पुण्याला गेलेत प्रदर्शनाला. रविवारपर्यंत मी एकटीच.

हे कसलं झाड म्हणता? मालक घटपर्णी म्हणतात, आमी बाया गडूचं झाड म्हणतो. बघा की — लांबून बघा — अंगठ्याएवढा गडू, काठाला दातरे, वर झाकण. झाडानं सवताच केलेला, आन् आत पाणी बी सवताच भरलेलं. काठाला गोड असतंय म्हणून मुंगी येती, घसरती, बुडती, आन् तीच झाडाचं जेवण. मला पयल्यांदा शिसारी आलती. मग झाली सवय. बोअरचं पाणी ह्याला चालत न्हाई, क्षारानं मरतंय, म्हणून त्या निळ्या पिपातलं पावसाचं साठवलेलं पाणी घालावं लागतं. मीच घालते. मालकांनी समदा जिम्मा माझ्यावर टाकला — कावून, तर मी सातवी शिकलेली, पाटी वाचून काम करते. आन् इथं पोरगी संगं आणू देतात मला. दुसऱ्या कुणाच्या रानात अडीच वरसाची पोर घेऊन कामाला कोण ठिवतंय? कुणी न्हाई ठिवत.

तर दिवाळी झाली, गारठा पडला, आन् गडू यायचे बंदच झाले. नुसती चपटी पानं. एक आलं, दुसरं आलं, तिसरं आलं — समदी चपटी, चमच्यावानी. म्हटलं आपल्याच हातून काय तरी चुकलं. भीत भीत मालकांना सांगितलं तर ते हसले. म्हणले, स्वप्नाली, थंडीत मुंग्या कुठं असतात, गडू करून काय करील ते? थंडीत चपटी पानं, ऊन खायाला. ऊन तापलं की गडू. त्याच्या वक्ताला ते येतंय. — त्याच्या वक्ताला येतंय, हे मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. झाडाचं न्हाई हो, आरोहीचं. कारण आरोही बोलत न्हाई. दर खेपंला तुमी तिला बिस्कीट देता, तिनं कधी काका म्हटलं? ऐकू येतंय तिला, ताट वाजलं की वळती, हसती, समदं कळतंय, पर शब्द न्हाई. सासूबाई म्हणत्यात, तुझ्या लेकीला देवानं तोंड दिलंय का नुसती घास टाकायची खिडकी. राघूचा उष्टा पेरू चारून झाला. देवळातल्या घंटेवरचं पाणी चाटवून झालं. आरोहीचे पप्पा म्हणतात दवाखान्यात दाखवू, सीझन संपू दे. ते कारखान्यावर ट्रॅक्टरला हायत, मधी सुट्टी कुठली.

मग शिवरात्रीच्या आगंमागं गडू उघडाया लागले. झाकण वर झालं, आत पाणी, निवळशंख. मी बघतच बसले. ना विहिरीचं, ना नळाचं, माणसाचा हात न्हाई लागलेला — पोपटाच्या पेरूत गुण, तर ह्यात किती असंल? बेस्तरवार होता. उपाशीपोटी, पदराच्या टोकानं मुंग्या गाळून, दोन-तीन गडूतलं मिळून चमचाभर पाजलं मी तिला. हसा, हसायचं तर. दुपारी शेडच्या दारात शेळी आली आन् ही तिला हात करून म्हणाली, ये. मी ऐकलं. सांजच्याला बचत गटाच्या बाया जमल्या होत्या, तिथं सांगितलं मी — गडूचं पाणी पाजलं आन् माझी लेक बोलली. काय गरज होती सांगायची? सासूबाई समोर बसल्या होत्या, ही गरज. एकीचं दुसरीनं नेलं, दुसरीचं तिसरीनं, आमच्या कडा गावातून निघालेली गोष्ट कुठवर गेली मला काय ठावं.

आता भुरीचं ऐका. मालक सांगून गेलते — दिवसा पडदे वर, वारा खेळला पायजे, आन् गडूच्या झाडावर कसलीच फवारणी करायची न्हाई, काय झालं तर मला फोन कर. पर आरोहीला खोकला झालता, झोळी तर शेडातच बांधलेली, म्हणून चार दिवस मी पडदे खालीच ठिवले. वारा कोंडला, दमट झालं, भुरी आली. माझ्यामुळंच आली. फोन केला असता तर पयलं हेच इचारलं असतं, पडदे कुणी पाडले. मग म्हणले असते, पोरगी घरी ठिव. घरी कुणापाशी — त्या खिडकी म्हणणाऱ्या सासूबाईंपाशी? म्हणून मी गुलाबाच्या औषधाची बाटली काढली. पिवळा तिकोन हाय तिच्यावर, जहराचा. वाचलं मी, वाचता येतंय मला, लहान मुलांपासून दूर ठेवा. झोळी बाहेर लिंबाखाली नेली, तोंडाला फडकं बांधलं, फवारलं. झाकणं तर उघडीच असतात, भाऊ. पानावरनं ओघळलं ते समदं गडूत उतरलं.

आन् त्याच दुपारी बायनाबाई आली. नांदूरघाटची म्हातारी. इथं कुणाच्या तरी हळदीला आलती, तिथं माझी गोष्ट ऐकली आन् उन्हाची वाट तुडवत नर्सरीवर. तिची नात ऋतुजा, चार वरसाची, एक शब्द न्हाई. ल्योक-सून ऊसतोडीला कर्नाटकात, पोर हिच्यापाशी. माझे दोन्ही हात धरले तिनं. म्हणली, "बाई, तुझ्या लेकीची वाचा उघडली, माझ्या नातीसाठी एक कुंडी दे." मी म्हटलं, ही इकायची न्हाईत. ती उठंना. — कावून दिली म्हणता? न्हाई द्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. रोग पडलाय म्हटलं तर बोभाटा, मालकांच्या कानापर्यंत. गुण येत न्हाई म्हटलं तर — तर ते सासूबाईंच्या कानावर. म्हणून ओल्या फडक्यानं पानांवरचं पांढरं पुसलं, चकचकीत केली कुंडी, पिशवीत घालून दिली. सहा गडू होते तिच्यात, भरलेले. म्हातारीनं इचारलं कसं पाजायचं. आन् मी सांगितलं, भाऊ. ह्या तोंडानं सांगितलं — बेस्तरवारी, उपाशीपोटी, चमच्यानं. मनात म्हटलं, तवर औषध उडून जाईल. मनात काय, माणूस काय बी म्हणतंय.

आज बुधवार. आज सकाळी मी कुंड्या हलवत होते, मागं वळून बघते तर आरोही त्या फवारलेल्या कुंडीपाशी उकिडवी बसलेली. आ करून. मीच शिकवलं होतं न्हवं, गडू दिसला की आ करायचा. चमच्याची वाट बघत होती. मी लई जोरात मारलं तिला, हातावर. रडली. वाटलं रडताना तरी आई म्हणंल. न्हाई म्हणली. आन् तवा माझ्या डोळ्यापुढं ती दुसरी पोर आली, आजीच्या मांडीवर, अशीच आ करून. उद्या बेस्तरवार, उद्या सकाळी. लेकीला काखंत मारून त्या हळदीच्या घरी पळत गेले, तर बायनाबाई कालच्या पयल्या एसटीनं गेलेली. तिच्यापाशी फोन न्हाई. लेकाचा नंबर दिला त्यांनी, तो बंद लागतोय. मालकांना? केला की. उचलला न्हाई. — उचलला न्हाई म्हणते, पर एकच रिंग दिली मी आन् ठिवून दिला. करते. तुमी गेल्यावर करते.

म्हणून तुमाला म्हणते, केजला जाताना नांदूरघाटला आत वळा. आजच. वाट वाकडी होईल, होऊ द्या. देवळामागं घर, दारात शेवगा, तिनंच सांगितलंय — नात बोलली की बघायला ये म्हणली. तिला म्हणावं, पाणी पाजू नको. पोरीचा हात लागू देऊ नको. कुंडी तशीच तुमच्याकडं देऊ दे, आन् हात धू म्हणावं. जहर हाय त्यात. — काय? ती ऐकायची न्हाई? हां. हां, ते खरं. मी बी ऐकलं नसतं. नातीच्या वाचेपुढं टेम्पोवाल्याचं कोण ऐकतंय. म्हणंल, त्या बाईचीच पोर बोलली की, आता झाड माघारी पायजे म्हणून निमित्त काढती.

मग असं सांगा तिला — थांबा, दोर नंतर बांधा, इकडं बघा माझ्याकडं. तिला सांगा, स्वप्नालीची पोर बोलत न्हाई. त्या दिवशी ती ये म्हणली का मलाच ती बोलायला पायजे होती, मला धड ठावं न्हाई. मी एकटीनं ऐकलं, एकदाच. त्यानंतर फवारायच्या आधी दोन बेस्तरवार परत पाजलं, काय न्हाई. हे सासूबाईंना ठावं न्हाई, तिच्या पप्पांना न्हाई. तुमालाच पयलं सांगते. बायनाबाईला सांगा, आन् तिथंच नका ठिवू. फाट्यावर बाया बसल्या असतील त्यांना सांगा, चहाच्या टपरीवर सांगा, केजला रोपं उतरवताना सांगा — ती गोष्ट जिथं जिथं गेली तिथं ही बी जाऊ द्या. कड्याच्या नर्सरीतली स्वप्नाली खोटं बोलली म्हणा. नाव घेऊन म्हणा. हात धुतले ना? मग निघा आता.