रांजणाखालची बाटली

हॅलो?… कोण, अजरा?… व्हय गं, वच्छलाकाकूच बोलतेय. गॅसवर दूध ठेवलंय, पण बोल तू.

अब्बा इथंच आहेत तुझे, ओसरीत बसलेत… नाय नाय, तब्येत बरी आहे. नाक तेवढं तसंच. करोनात वास यायचा गेला तो गेलाच.

बाटली?… आहे ना. पुण्याचं गिऱ्हाईक उद्या येणार, माहीत आहे मला… अगं ऐक ना आधी. लेबल निघालं तिचं… निघालं म्हणजे निघालं. उन्हाळा असा, म्हणून रांजणाखालच्या ओल्या वाळूत उभी करून ठेवली होती मी. आज काढायला गेले तर बाटली हातात अन् कागद वाळूत… हो, हो, चूक माझीच. चांगली चीज गारव्याला ठेवावी, एवढंच मला ठाऊक.

आता लेबलाबिगर खरी कोण मानणार?… तेच. म्हणून अब्बांना बोलावलं, म्हटलं नाक गेलं तरी हिला ओळखतील. चिकलठाण्याच्या दारूच्या कंपनीत तीस वर्षं नुसत्या वासावर माल पास केला त्यांनी, जिभेला थेंब लावला नाय कधी. त्या नाकावर खूष होऊनच स्कॉटलंडच्या साहेबानं ती दिली ना?… व्हय, त्याची भट्टी बंद पडली तेव्हा. बत्तीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. आता तिथं घरं झालीत म्हणे, तसली पुन्हा व्हायची नाय. तुमच्या घरात ठेवता येईना, म्हणून तुझ्या काकांकडं अमानत. अन् काका कसे, तुला माहीत आहे. मिळेल ते प्यायले, पण हिला मरेपर्यंत हात लावला नाय.

काय?… उघडली. मीच उघडली, बंद बाटलीचा वास घेणार कसा… रागव, पण ऐक. रंग काय सांगू, कडूलिंबावरच्या पोळ्यातला मध उन्हात धरावा तसा. वास घरभर. माळकरीण बाई मी, तरी दोनदा दारात जाऊन उभी राहिले.

अब्बांनी ग्लास नाकाशी धरला. डोळे मिटले. वास नाय म्हणून मान हलवली… मग म्हणाले, भाभी, चमचाभर पाणी घाला, पाण्यानं ती बोलती होते. घातलं रांजणातलंच. पुन्हा हुंगलं. अन् मग हळूच म्हणतात, "विझलेली चूल… भिजलेलं गोणपाट… आणि पार तळाशी पिकलेला पेरू."

रडू नको गं…

हं… मलाही तीच शंका आहे. साहेबानं तेव्हा नमुना हुंगायला दिला होता, तेच आठवून बोलत असतील… विचारू कसं? ग्लास खाली ठेवायला तयार नाहीत. लहान लेकरासारखे खुशीत बसलेत.

थांब जरा, हाक मारतायत… काय म्हणालात भाईजान?…

अजरा… दूध लागलंय म्हणतात… अगं, स्वयंपाकघराच्या दारात मी उभी आहे. मला अजून वास नाय. ते तिकडं ओसरीत… थांब, बघते.

…व्हय गं. तळाला धरलंय.

नाय, गॅस नाय बंद करत. अजून जरा लागू दे, येऊ दे त्यांना वास. त्या पुण्याच्या माणसाला तू कळव, येऊ नको म्हणावं. ठेवते.